मेजापुढचा उजवा हात

लोखंड दगडावर आपटले की येणारा आवाज वेगळा, आणि लोखंड व दगड यांच्या मधे माणसाचा हात असला की येणारा आवाज वेगळा. बयाबाईने त्या सकाळी दोन्ही ऐकले. आधी दुसरा, मग पहिला.

ती लोकाच्या उसात वाकून तण भांगलत होती. दचकून उभी राहिली तेव्हा उसाच्या शेंड्यांवरून तिला मिशनच्या विहिरीजवळ चार पाठमोरी माणसे दिसली. एकाच्या डोक्याला पांढरा पटका होता. मग किंकाळी ऐकू आली. आवाज तिच्या नवऱ्याचा होता. बयाबाई सरीतून आडवीतिडवी धावली. उसाच्या पात्यांनी तिचे गाल आणि दंड सपासप कापले. ती विहिरीवर पोचली तेव्हा तिथे दुसरे कोणी नव्हते. शांतवन कठड्याला टेकून बसला होता आणि मांडीवरच्या उजव्या हाताकडे असा पाहत होता, जणू कोणी परकी वस्तू सांभाळायला देऊन गेले आहे. हाताची बोटे ओळखू येत नव्हती. शेजारी रिकामी बादली लवंडली होती.

"अवो, कुणी मारलं?"

"पाय घसरला," शांतवन म्हणाला आणि तिच्या खांद्यावर ओकला.

ही विहीर खणेवाडीच्या ख्रिस्ती लोकांच्या आज्यापणज्यांनी खणली होती. मोठ्या दुष्काळात मिशनच्या गोऱ्या साहेबाने धान्य दिले आणि मांगवाड्यातल्या, महारवाड्यातल्या माणसांनी काळा कातळ फोडला. त्याच विहिरीच्या पाण्याने त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे शेवटचा साहेब आपल्या देशी परत गेला, त्याच्या बंगल्याचे छप्पर बसले, आणि मिशनची मालमत्ता सांभाळणाऱ्या समितीने चर्चची इमारत तेवढी ठेवून बाकी जमीन विहिरीसकट गावचे बडे बागायतदार हंबीरराव यांना विकून टाकली. खरेदी झाली ते वाडीला कळले तारेचे कुंपण उभे राहिल्यावर. हंबीररावांनी विहिरीवर मोटर बसवली आणि पाणी उसाला नेले. तरी दोन-चार वर्षे भागले, कारण ख्रिस्ती वस्तीतल्या आडाला पाणी होते. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आडाचा तळ उघडा पडला. तेव्हा चर्चची घंटा वाजवणारा शांतवन म्हणाला, "साहेबाची हीर हाय. आमास्नी कोण न्हाय म्हणतंय?" आणि बादली घेऊन तारेखालून आत शिरला. जग साहेबाने लावून दिले तसेच अजून चालू आहे, अशी त्याची भाबडी समजूत होती.

कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात पाहिला आणि हाडांचा चुरा झालाय, ठेवला तर सडेल, असे सांगितले. मनगटाच्या वर चार बोटे हात तोडला. शांतवन शुद्धीवर आल्यावर हवालदार जबाब घ्यायला खाटेशी आला.

"पाय घसरला, साहेब. मोटरीच्या पट्ट्यात हात गावला," शांतवन छताकडे बघत म्हणाला.

"खोटं हाय," बयाबाई खाटेच्या पलीकडून म्हणाली. "चौघांनी मारलंय. मी बघितलं."

"नावं सांग."

"पाठमोरी व्हती. पर पटका हंबीररावांचाच."

"पटका बांधणारी माणसं काय कमी हायेत का जिल्ह्यात?" हवालदार हसला. "बाई, मार खाणाराच न्हाय म्हणतोय, आन तू व्हय म्हणतीस. कोर्टात कुणाचं ऐकायचं?"

तरीही बयाबाई हटून बसली आणि तक्रार नोंदवूनच उठली. पण तिला पुरते कळले होते की ही तक्रार एका पायावर उभी आहे. दुसरा पाय नवऱ्याच्या तोंडात होता, आणि तो तोंड उघडत नव्हता.

तक्रारीची किंमत वस्तीने मोजली. उसात भांगलायला कोणाला बोलावणे येईना. चर्चचे वडील, म्हणजे पंच, जोतीराम यांच्या गोठ्याचे छप्पर भरदुपारी पेटले. आत बांधलेली म्हैस सोडवता सोडवता त्यांच्या पाठीची साल निघाली. म्हैस जगली नाही. ओढ्यातल्या झऱ्यावर पाण्याला गेलेल्या बायकांवर वरच्या कडेवरून दगड आले. चिमणाबाईच्या तेरा वर्षांच्या नातीचे डोके फुटले. पोरीला झोळीत घालून आणले तेव्हा चिमणाबाई सरळ बयाबाईच्या दारात येऊन उभी राहिली.

"तुझ्या दादल्याचा एक हात गेला. आता किती जणांचं हातपाय घालणार हाईस, गं? त्यो सोता गप हाय, आन तुलाच कशाला एवढा पुळका?"

पोरीच्या केसातले रक्त धुवायलासुद्धा वस्तीत पुरेसे पाणी नव्हते. ओला फडका फिरवून फिरवून बयाबाईने ते पुसून काढले.

त्या आठवड्यात जोतीराम हंबीररावांचा निरोप घेऊन आले. पाठीला तेल लावलेले, सदरा घालता येत नव्हता. उघड्या अंगाने उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "शांतवन, रोज सकाळी विहीर उघडी ठेवतो म्हणालेत. कामं बी चालू करतो. फकस्त समेट पायजे. पाळकांच्या म्होरं, मंडळीच्या म्होरं. शनवारी तयारीची सभा हायच. सरपंच साक्षीला येणार."

तयारीची सभा ही या मंडळीची साहेबाच्या वेळेपासूनची रीत. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी सगळे चर्चमध्ये जमत. पाळक मेजामागे उभे राहून विचारत, कोणाच्या मनात कोणाविषयी वैर आहे का. ज्यांचे भांडण असेल ते दोघे पुढे येत, मेजापुढे एकमेकांचा उजवा हात हातात घेत आणि 'क्षमा केली' म्हणत. तसे केल्याशिवाय दुसऱ्या दिवशी भाकर नाही की प्याला नाही. सासवासुनांची, बांधाची, कोंबड्यांची किती भांडणे त्या मेजापुढे मिटली होती. पण वाडीबाहेरचा माणूस त्या मेजापुढे कधी आला नव्हता.

"यीन मी," शांतवन लगेच म्हणाला. जोतीराम डोळे पुसत गेले.

बयाबाई चुलीपुढून उठली. "त्येंच्या वकिलानं सांगितलं आसंल. मेजापुढं क्षमा केली म्हंजे माजी तक्रार गेली वाऱ्यावर."

"प्रभूनं शत्रूवर प्रेम कराय सांगितलंय, बया."

"प्रेम करा की. पर खोटं बोलाय कुटं सांगितलंय? पाय घसरला म्हणं!"

शांतवनने तीच गोष्ट सुरू केली, जी बयाबाईने लग्नापासून ऐकली होती. आठ वर्षांचा असताना तो साहेबाच्या बंगल्यात कंदील पुसायला होता. साहेबाचे घड्याळ हरवले. साहेबाने त्याला खोलीत नेऊन दोन्ही तळहातांवर छड्या मारल्या, हात सुजेपर्यंत. संध्याकाळी घड्याळ साहेबाच्याच कोटात सापडले. तेव्हा एवढा मोठा गोरा साहेब त्याच्यापुढे गुडघे टेकून बसला, उजवा हात पुढे केला आणि म्हणाला, शांतवन, मला क्षमा कर. शांतवन म्हणाला, केली. साहेब रडला. आपल्या हाताने त्याला बिस्किटे भरवली.

"आसा मानूस," शांतवन म्हणाला. "मांगाच्या पोराम्होरं गुडघं टेकलं त्यानं. गावात कुणी टेकलं आसतं?"

आजवर बयाबाईचाही ऊर ही गोष्ट ऐकून भरून येत असे. आज तिला त्या खोलीचे दार दिसले, आणि कोपऱ्यात टेकवून ठेवलेली छडी दिसली.

"तुमी 'न्हाय करत' म्हणला आसता तर?"

"आँ?"

"साहेब म्हणाला, क्षमा कर. तुमी 'न्हाय' म्हणला आसता, तर काय झालं आसतं?"

हा प्रश्न शांतवनला साऱ्या आयुष्यात पडला नव्हता. तो कपाळावर आठ्या घालून, खरोखर आठवायचा प्रयत्न करू लागला.

"न्हाय कसं म्हणणार?" शेवटी तो म्हणाला.

"त्येच म्हणतो मी. साहेब चांगला आसंल. पर ज्येला 'न्हाय' म्हणता येत न्हाय त्येची 'व्हय' कसली वो? त्येनं तुमास्नी क्षमा न्हाय शिकवली. गप बसाय शिकवलं."

शांतवनने डाव्या हाताने तिच्या अंगावर तांब्या फेकला. आयुष्यात पहिल्यांदा. नेम चुकला. तांब्या भिंतीवर आपटून चेपला, आणि तळातले घोटभर पाणी मातीत मुरले. दोघे त्या ओल्या डागाकडे बघत राहिले.

शनिवारी दुपारी चर्च भरले. पाळक वसंतराव कोल्हापूरहून सायकलीने आले होते. तिशीतला शहरी माणूस, बापही पाळक. चष्मा पुसायची सवय. समितीने त्यांना बजावले होते की इमारतीच्या चारी बाजूंना आता हंबीररावांची जमीन आहे, वाकडेपणा नको. मेजावर साहेबाच्या बाईने विणलेला पांढरा कपडा होता. त्यावर काचेचे छोटे छोटे प्याले मांडून ठेवलेले. प्रत्येकाला वेगळा, म्हणजे कोणी कोणाचे उष्टे प्यायला नको. मूळचे महार आणि मूळचे मांग एका चर्चमध्ये बसू लागले, त्यात या प्याल्यांचाही हात होता. कोणी तसे बोलून दाखवत नसे, एवढेच.

हंबीरराव सरपंचांसह आले. जोतीरामांनी त्यांच्यासाठी खुर्ची टाकली. गुंडू आणि आणखी दोघे दारात चौकटीला टेकून उभे राहिले. गुंडू हंबीररावांच्या मोटरीवरचा माणूस. त्याच्या हातात ऊस तोडायचा कोयता होता, आणि त्याच्या टोकाने तो नखे कोरत होता.

गाणे झाले, प्रार्थना झाली. वसंतरावांनी विचारले, "कोणाच्या मनात कोणाविषयी वैर आहे का?"

शांतवन उठला. गुंडाळलेला हात छातीशी धरून तो मेजापुढे गेला. हंबीरराव खुर्चीतून उठून त्याच्यासमोर उभे राहिले. धिप्पाड देह, अत्तराचा वास. आणि त्या वेळी वसंतरावांच्या तोंडून ते वाक्य निघून गेले, जे त्यांच्या वडिलांच्या आणि त्याआधी साहेबाच्या तोंडून शेकडो वेळा निघाले होते.

"एकमेकांना उजवा हात द्या."

म्हटल्यावर त्यांना कळले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. शांतवनने गडबडून डावा हात पुढे केला.

"आं हां," हंबीरराव हसून म्हणाले. "पाळक उजवा म्हणालं न्हवं? रीत म्हंजे रीत. तुमच्या धर्मात आमी कशाला खोट काढावी, मर्दा?"

त्यांनी शांतवनचा तोडलेला हात पट्ट्यांसकट आपल्या पंज्यात घेतला. आधी हलकेच. मग त्यांच्या मनगटाच्या शिरा फुगल्या. शांतवनचे गुडघे वाकले. त्याच्या नरड्यातून पिळलेल्या कापडासारखा आवाज आला. पांढऱ्या पट्टीवर लाल ठिपका उमटला, ठिपक्याचा रुपया झाला, आणि रक्त हंबीररावांच्या बोटांमधून मेजाच्या कपड्यावर ठिबकू लागले.

"म्हण की," हंबीरराव म्हणाले. "काय म्हणत्यात ते म्हण. सरपंच ऐकाय बसल्यात."

"क्षमा..." शांतवन म्हणाला. "क्षमा के..."

बयाबाईला नंतर आठवत नव्हते की ती बाकावरून कधी उठली. दान गोळा करायचे पितळी ताट तिच्या हातात होते, आणि ते कडेने हंबीररावांच्या कानावर बसले. कान फाटला. पटका सुटून खांद्यावर आला.

"वैर हाय!" ती ओरडली. "माज्या मनात वैर हाय! नगं मला भाकर, नगं प्याला!"

तिने दुसऱ्यांदा ताट उचलले, पण तोवर गुंडूने तिचा अंबाडा धरला आणि तिला बाकांमधून फरफटत ओढले. बायका किंचाळत खिडक्यांकडे पळाल्या. दारातल्या दुसऱ्या गड्याने मेजाला लाथ घातली. प्याले खळखळून फुटले आणि अनवाणी पळणाऱ्यांच्या तळव्यांत काचा घुसल्या. वसंतराव चष्मा सावरत आडवे आले.

"सोडा बाईला! हे देवाचं घर आहे!"

"देवाचं आसंल. वाट आमच्या मालकाची हाय," गुंडू म्हणाला आणि कोयत्याच्या मुठीने त्यांच्या जबड्यावर ठोसा घातला. पाळक बसले. तोंडातून एक दात हातात काढून त्याच्याकडे नवलाने पाहू लागले. गुंडूने बयाबाईच्या बरगड्यांत दोन लाथा घातल्या. तिसरी घालण्याआधी हंबीररावांनी त्याला हाक मारली. त्यांनी कानाला पटका दाबून धरला होता. दारातून वळून ते म्हणाले, "सरपंच, समेट झाला. तुमी बघितला. आन जोतीराम, तुमच्या बायास्नी जरा आवरा, न्हाय तर फुडच्या खेपंला नुसतं गोठ्यावर भागायचं न्हाय."

जोतीराम अजून रिकाम्या खुर्चीची पाठ धरून उभे होते. त्यांना ती सोडता येईना.

त्या रात्री वसंतराव शहरात परतले नाहीत. चर्चमध्येच झोपले. शांतवन घरी भिंतीकडे तोंड करून पडला होता. बयाबाईला श्वास घेताना बरगड्यांत कळ येत होती.

रविवारी घंटा वाजली नाही, तरी लोक आले. सगळे नाही, बरेचसे दारे लावून बसले. चिमणाबाई नातीला घेऊन आली. डोक्याला पट्टी बांधलेली पोर पुढच्या बाकावर बसली. मेज परत उभे केलेले होते. कपडा तोच. रक्त वाळून तपकिरी झाले होते. कपड्यावर शहरातल्या बेकरीचा पाव होता, आणि प्याल्यांऐवजी एकच तांब्या. कोणी कुजबुजले. महार-मांग एका तांब्याने पिणार म्हणून, की बाकी काही, ते वसंतरावांनी विचारले नाही. त्यांचा जबडा सुजून हिरवानिळा झाला होता आणि शब्द तोंडातून वाकडे निघत होते.

ठरलेला भाग त्यांनी वाचला नाही. शास्त्र उघडून त्यांनी तो प्रसंग वाचला, जिथे पकडलेल्या येशूच्या चौकशीत एक शिपाई त्याच्या थोबाडीत मारतो. मग ते थांबले.

"मी लहानपणापासून ऐकत आलो की एका गालावर मारलं तर दुसरा पुढं करा. माझ्या वडिलांनी हेच सांगितलं, त्यांना साहेबानं सांगितलं. तेही शास्त्रात आहे. पण हेही आहे. येशूला मारलं तेव्हा त्यानं शिपायाला विचारलं, मला का मारतोस? एवढं भर कचेरीत विचारलं. काल मला मार बसल्यावर मी काय विचारलं? काही नाही. नुसता दात बघत बसलो."

कोणी तरी एकटेच हसले आणि गप्प झाले.

"काल मी या मेजापुढं पाप केलं. उजवा हात द्या म्हणालो. आज मी कोणाला काही विचारणार नाही. ज्याला भाकर घ्यायची त्यानं घ्यावी. मी चौकीवर जातो. मी पाहिलं ते सांगणार."

ते खाली उतरले. शांतवन उठून उभा राहिला. बयाबाईला वाटले, तो मेजाकडे जाईल. एकही प्रभुभोजन त्याने चुकवले नव्हते. पण तो मेजाकडे पाठ करून दाराशी गेला आणि तिथे थांबला, तिच्यासाठी.

पाव मेजावर तसाच राहिला. त्यांच्या मागून चिमणाबाई निघाली, आणि आणखी काही जण. जोतीराम चर्चच्या पायरीपर्यंत आले आणि तिथे बसले.

चौकीची वाट ओढ्याच्या पुलावरून होती. उसाच्या बाजूने पहिला दगड आला तो वसंतरावांच्या सायकलीवर खणकला. दुसरा बयाबाईच्या खांद्याला लागला. ती वाकली, शांतवनने डाव्या हाताने तिचा दंड धरला. मागच्या दोन बायका परत पळाल्या. बाकीचे चालत राहिले. पळायला लागलो तर सगळेच परततील, हे न बोलता सगळ्यांना कळले होते. पूल संपेपर्यंत दगड येत होते. पोरीने आजीच्या पदरात तोंड खुपसले होते.

हवालदार चौकीच्या ओसरीवर दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण.

"या पावणं. समेट झाला म्हणं काल? सरपंच सांगून गेलं. तक्रार मागं घ्यायला आलासा न्हवं?"

वसंतराव पुढे सरले, पण शांतवनने त्यांना आडवा हात घातला. तो तोडलेलाच हात होता. तो हवालदारासमोर जाऊन उभा राहिला. बयाबाईला त्याची मान मागून दिसत होती. मानेवरून घाम वाहत होता.

"पाय घसरला न्हवता," तो म्हणाला. "मी खोटं सांगितलं. हंबीररावांनी माजं मनगाट कठड्यावर दाबून धरलं. गुंडूनं पाना मारला. एकदा न्हाय. पहिल्यांदा बोटं गेली, मग पंजा. बाकीच्या दोघांनी पाय धरलंतं, त्येंची बी नावं सांगतो."

हवालदाराने वस्तरा खाली ठेवला. साबण गालावर वाळू लागला. त्याने रस्त्याकडे पाहिले, हंबीररावांची जीप कुठे दिसते का ते. मग नाइलाजाने आत जाऊन कागद घेऊन आला.

"सगळं सांगणार म्हणतोस? परत फिरलास तर तूच आत जाशील."

"लिवा," शांतवन म्हणाला. "पाना उचलला तवा मी त्येंला इचारलं, मला का मारतायसा? कुणी सांगितलं न्हाय. ते बी लिवा."